टाकीमागची जास्वंद

बंडाबर्ग, ३ फेब्रुवारी

नेव्ह,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत तीनदा 'सात नंबर कसं आहे' विचारलंयस, आणि ग्लेनिस कशी आहे हे एकदाही नाही. सख्खी मोठी बहीण इथे गुडघे धरून बसलीय, तिची काही चौकशी? असू दे. सवय आहे मला.

तुझं सात नंबरचं रोप मजेत आहे. पुढच्या पायरीजवळ ठेवलंय, सकाळचं ऊन मिळतं तिथे. काल दोन फुलं होती, बशीपेक्षा मोठी, नारिंगी आणि मधोमध तो गडद लाल डोळा. जास्वंदी लावण्यात मी निम्मं आयुष्य घातलं, जास्वंदीच्या क्लबात तुझ्या आधीपासून आहे, पण माझ्या हातच्या परागातून असलं रोप कधी निघालं नाही. हे एकदाच कबूल करते. पुन्हा म्हणायला लावू नकोस.

तुझं घर ज्यांनी घेतलं त्यांनी बोटीची शेड बांधायला सगळं अंगण खणून काँक्रीट ओतलं. तुझं मूळ झाड त्यात गेलं. म्हणजे आता माझ्याकडच्या कुंडीतलं कलम तेवढं राहिलं. ठाऊक आहे मला ते. दर पत्रात 'जप' म्हणून लिहायची गरज नाही, मी काही काल जन्मले नाही.

दारू पिऊन गाडी चालवलीस आणि मर्ल डोहर्टीला उडवलंस, त्यावर मी आता काही बोलत नाही. कोर्टाने काय ते सुनावलंय. तुरुंगात पंखा तरी आहे का? यंदा फेब्रुवारीचा उन्हाळा फार आहे.

भेटायला कधी येतेस म्हणून विचारलंस. बघू. गाडीचा क्लच नीट नाही, आणि हे गुडघे. हे पत्र पलीकडच्या बार्गारा गावातून टाकते आहे, तिकडे मासे आणायला जायचंच होतं.

ग्लेनिस


२८ एप्रिल

नेव्ह,

काल क्लबची मंडळी बाग बघायला येऊन गेली. यंदा पाळी माझी होती. आठवडाभर कात्री आणि झाडू खाली ठेवला नाही. बसमधून उतरली ती सगळी टोळधाडीसारखी बागेत शिरली. चहाबरोबर खायला भोपळ्याचे स्कोन भाजले होते, एक उरला नाही. कॉलीनने तीन खाल्ले आणि वर म्हणते कशी, "ग्लेनिस, आज जरा कोरडे झालेत गं." तिसरा तोंडात होता तेव्हा म्हणाली. अशी ती बाई.

माझ्या पिवळ्या दुहेरी जास्वंदीचं सगळ्यांनी कौतुक केलं. बॅरीने तर कलमाला काडीच मागितली. तुझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. बरंच झालं, नाही का?

सात नंबर जरा आडोशाला हलवलंय. वारं फार होतं.

स्वेटर पाठवू का? तिथे पाठवायला परवानगी असते का, ते कळव. मला कुणाला विचारता येत नाही.

ग्लेनिस


९ जून

नेव्ह,

जून लागला आणि थंडी पडायला लागली. माझ्या लाल झाडाच्या कळ्या उमलायच्या आधीच टपाटपा गळत होत्या. दोन कळ्या फोडून पाहिल्या, तर आत ते मेले बारीक काळे भुंगेरे. मग काय, आपला नेहमीचा उपाय केला. आइस्क्रीमचा पांढरा डबा, त्यात साबणाचं पाणी, आणि ठेवला झाडाखाली. पांढऱ्या रंगाच्या ओढीने पटापट पडले त्यात. तूच शिकवलं होतंस मला हे. मी तेव्हा हसले होते, म्हटलं होतं, भुंग्यांना आइस्क्रीम खाऊ घालतोस काय.

तुझ्या सात नंबरला नवी पालवी आलीय. चांगली हिरवीगार, तरारून वर आलीय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. मला इतकं बरं वाटलं ते बघून, की चहा तिथेच उभ्याने प्यायले.

अजून कळी नाही. येईल. तू काळजी करू नकोस.

ग्लेनिस


१३ जुलै

नेव्ह,

सात नंबरला फूल आलं का आणि आत्ताच्या थंडीत रंग कसा आहे, असं विचारलंस. आलं. रंग कसा असणार? नारिंगीच. छान लखलखीत नारिंगी, मध्ये लाल डोळा, पाकळ्या रेशमासारख्या. अगदी उन्हाळ्यात होतं तसंच. तुला किती अभिमान वाटला असता.

आज घाईत आहे. क्लबची सभा आहे. स्वेटर मिळाला असेल.

ग्लेनिस


२ ऑगस्ट

नेव्ह,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. 'ग्लेन, जुलैत सात नंबर कधीच नारिंगी नसतं.'

दिवसभर ते पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. गारठ्यात कुठली जास्वंद रंग बदलते आणि कुठली नाही, हे मी क्लबातल्या नवख्यांना शिकवते. आणि तुझं झाड माझ्याकडे उन्हाळ्यात आलं, थंडीत ते कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं. तेही जमलं नाही मला.

सात नंबर मेलं, नेव्ह.

आता कसं मेलं ते सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

क्लबची मंडळी यायच्या आदल्या दिवशी मी कुंडी पायरीजवळून उचलली आणि शेडच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. वारं बिरं काही नव्हतं. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात तुझं फूल सगळ्यांनी पाहिलं होतं. बघताक्षणी ओळखलं असतं. मग तुझा विषय निघाला असता, तुरुंगाचा निघाला असता, मर्लचा निघाला असता, आणि मी त्या सगळ्यांच्या मधोमध चहाची किटली घेऊन उभी राहिले असते. मला ते नको होतं.

आणि विषय निघालाच. तुला लिहिलं ना कुणी विचारलं नाही म्हणून? कॉलीनने विचारलं. भर अंगणात. "ग्लेनिस, नेव्हचं ते सात नंबर कुणाकडे आहे गं? डोळ्यांसमोरून जात नाही ते. त्याच्यामागे वाळून गेलं नसेल ना?" चमचे ढवळायचे थांबले. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? माझा त्याचा काही संबंध राहिलेला नाही." आणि स्कोनची बशी तिच्यापुढे केली. तो तिसरा स्कोन तिने त्यामुळे घेतला असावा, काहीतरी करायचं म्हणून. बिचारी.

मंडळी गेल्यावर कुंडी परत पुढे आणता आली असती. नाही आणली. आज आणू, उद्या आणू करत राहिले. खरं सांगू? तिकडे पाऊलच वळत नव्हतं. कुंडी दिसली की माझंच वाक्य कानात यायचं.

जूनमध्ये खिडकीतून टाकीच्या कडेने हिरवं दिसलं आणि मी खूश झाले. उभ्याने चहा प्यायले ते खरं आहे. एवढी वर्षं कलमं करणारी बाई मी, क्लबात पोराटोरांना ओरडते, 'जोडाच्या खालून फुटलं की लगेच खुडा, तो खालचा रानटी खुंट आहे, वरचं कलम उपाशी मारील.' आणि माझ्याच टाकीमागे खुंट माजला, तर मी त्याला पालवी म्हणून पत्रात लिहिलं. जवळ जाऊन बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

जुलैत फूल आलं. साधं, फिकट गुलाबी, खुंटाचं. तेव्हा गेले. वरची तुझी काडी काळी पडली होती. नखाने खरवडून पाहिली, खालपर्यंत खरवडली. कुठे हिरवं नाही.

त्याच संध्याकाळी तुला नारिंगी लिहिलं.

आणि बार्गाराला मी मासे आणायला जात नाही. आपल्या पोस्टातली बाई पत्ता वाचते, म्हणून जाते. आता सगळंच सांगायचं ठरवलंय तर हेही घे. क्लच ठीक आहे. गुडघे दुखतात, पण तुझ्यापर्यंत यायला दुखत नाहीत.

मला लाज वाटत होती तुझी. आता माझी वाटते, आणि ही जास्त वाईट आहे, कारण हिच्यापासून लांब कुठे राहायला जाता येत नाही.

ग्लेन


२४ ऑगस्ट

नेव्ह,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

मला वाटलं होतं शिव्या देशील. त्या मी खाल्ल्या असत्या. महिनाभर पत्र लिहिणार नाहीस असंही वाटलं होतं. आणि तू लिहितोस काय, तर 'कोर्टाच्या तारखेआधी सात नंबरचं एक कलम मर्ल डोहर्टीच्या दारात ठेवून आलो होतो. तिने फेकून दिलं असेल. पण जाऊन बघ.'

जाऊन बघ म्हणे! जिच्या खुब्याचं हाड मोडलंस, जी वॉकरच्या चौकटीशिवाय टपालाच्या पेटीपर्यंतही जाऊ शकत नाही, तिच्या दारात जाऊन मी काय म्हणू? 'मी त्याची बहीण. तुम्हाला उडवणाऱ्याने दिलेलं रोप आहे का अजून, एखादी काडी मिळेल का?' माझ्या जागी तू असतास तर गेला असतास? बरं, तू गेला असतास. तू गेलाच होतास. पण मी तू नाही.

तिची गल्ली लागू नये म्हणून मी दुकानात साखर कारखान्याला वळसा घालून जाते. तुला हे माहीत नव्हतं. आता झालं.

मी जाणार नाही. दुसरं काहीही सांग.

ग्लेन


१५ सप्टेंबर

नेव्ह,

गेले नाही. फक्त गाडी तिच्या गल्लीतून नेली. बटाटे संपले होते आणि रोज तो वळसा घालून वैताग आला होता, एवढंच.

तिचं घर कोपऱ्यावर आहे, निळ्या पत्र्याचं. नेव्ह, तुझं झाड तिने परसात नाही लावलं. पुढे लावलंय, टपालाच्या पेटीला लागून, अगदी रस्त्यावर. माझ्या कमरेच्या वर गेलंय. दोन फुलं होती, आणि मला आधी ओळखूच आलं नाही, कारण ती नारिंगी नव्हती. दुधाच्या कॉफीचा रंग, कडेला जांभळट झाक आणि डोळ्याभोवती राखाडी कडं. थंडीत ते असं दिसतं होय? मी आपली गाडी थांबवून बघत बसले. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा भानावर आले.

मुळाशी तुझी ती पत्र्याची पट्टी आहे. तू खिळ्याने टोचून लिहितोस तशी. रस्त्यावरून वाचता येते. 'नेव्हिल पास्कोचं रोप. अजून नाव ठेवलेलं नाही.' तिने ती पट्टी काढून टाकली नाही. झाडाआड वळवलीसुद्धा नाही.

मी सरळ घरी आले. बटाटे आणायचे राहिले. टाकीमागची ती कुंडी बघितली आणि तिथेच उलट्या बादलीवर बसून रडले. ज्या बाईला तू मोडलंस तिने तुझं नाव रस्त्यावर लावलंय, आणि मी कुठे ठेवलं होतं बघ.

ग्लेन


५ ऑक्टोबर

नेव्ह,

शेवटी शुक्रवारी गेले. भोपळ्याचे स्कोन घेऊन गेले, दुसरं मला करता काय येतं? फाटकापाशी इतका वेळ घुटमळले की आतून आवाज आला, "विकायला आली असशील तर नको, आणि देवाचं सांगायला आली असशील तर मुळीच नको."

मी म्हटलं, "मी ग्लेनिस. नेव्हिल पास्कोची बहीण."

बऱ्याच महिन्यांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

मर्ल त्या चौकटीला धरून हळूहळू दारात आली. दर पावलाला चेहरा आवळत होता तिचा. मला खाली बघावंसं वाटत होतं, पण बघितलं तिच्याकडेच. तेवढं तरी करायला हवं होतं.

"ठाऊक आहे कोण ते," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात माझ्या फाटकाशी गाडी अडवून बसली होतीस. मला वाटलं उतरशील. ये. ते काय आणलंयस?"

आत नेऊन चहा दिला मला. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस तू. चहा मला करता येतो. वेळ लागतो, पण येतो." खरंच लागला. ती ओट्यापासून टेबलापर्यंत येईस्तोवर मी जागची हलले नाही, आणि तो वेळ मी विसरणार नाही.

तू मला कधी सांगितलं नाहीस की त्या संध्याकाळी तू पळून गेला नाहीस. रस्त्यात तिच्याशेजारी बसून होतास. मर्ल म्हणाली, "माझा हात धरून इतका रडत होता, की हाड माझं मोडलेलं आणि समजूत मीच काढतेय त्याची! शेवटी म्हटलं, अरे बाबा, गप्प बस, मला ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकू दे." मी कोर्टात आले असते तर हे मला तिथेच कळलं असतं. मी नव्हते आले. त्या दिवशी मी घरी खिडक्या पुसत होते.

मग मी सगळं सांगितलं तिला. टाकी, खुंट, नारिंगी, सगळं. मध्ये एकदा हसली. "खुंटालाच पालवी समजलीस? तुझं काय त्या क्लबात नाव आहे म्हणतात!" मी म्हटलं, आहे. म्हटल्यावर आणखी हसली.

माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, तशी आशा धरू नकोस. मी विचारलंही नाही, तरी तिनेच स्पष्ट सांगितलं. "हे बघ, मी त्याला माफ केलेलं नाही. दारातली पायरी चढताना रोज त्याला शिव्या घालते. पण गाडी त्याने चालवली, झाडाने नाही. आणि झाड देखणं आहे. ते परसात का लपवू? मी काय वाईट केलंय?"

मी काय वाईट केलंय, असं ती सहज म्हणाली. मला टोचायला नाही. मी स्कोनला लोणी लावत राहिले.

काड्या मी तिच्यासमोरच कापल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. आता थंडी सरून उबारा आलाय, कलमाला हीच वेळ. घरी येऊन त्याच दिवशी कलमं बांधली. तीन केली. वर पिशव्या घातल्यात. दोन तरी धरतील. कुंड्या पुढच्या पायरीशी ठेवल्यात, आणि तिन्हींवर तुझ्यासारखीच पत्र्याची पट्टी खिळ्याने टोचून लावलीय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस.

काल कॉलीन खत मागायला आली. खाली वाकून पट्टी वाचली तिने. मला आत पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "हो, त्याचंच आहे. माझ्या भावाचं. तेव्हा मी तुला खोटं सांगितलं." तिने बोटाने पट्टीवरची माती पुसली. मग म्हणाली, "एक धरलं की मला सांग. काडी हवी मला." आणि खत घेऊन गेली. क्लबात एव्हाना सगळ्यांना कळलं असेल. लाज गेलीय असं समजू नकोस. अजून आहे. पण पत्र आज आपल्याच पोस्टात टाकतेय.

रविवारी मी तुला भेटायला येते आहे. काय आणलेलं चालतं आणि काय नाही, ते पोस्टातल्या बाईलाच विचारलं. तिचा धाकटा दोन वर्षं तिथेच होता. तिला सगळं तोंडपाठ आहे.

एक सांगायचं राहिलं. निघताना मर्ल मला टपालाच्या पेटीपर्यंत सोडायला आली. मी नको नको म्हणत होते, पण ऐकते कुठे. झाडाशी थांबली आणि म्हणाली, "हल्ली ह्याच्या कळ्या उमलायच्या आधीच गळून पडतात. खाली रोज सडा असतो. काय करावं कळत नाही."

मी एक कळी उचलली. फोडून बघायचीही गरज नव्हती. साबणाचं पाणी आणि पांढरा डबा, दोन शब्दांत सांगून झालं असतं. तोंड उघडलंही होतं मी.

मग मिटलं. म्हटलं, "मला नक्की सांगता येणार नाही. नेव्हला विचारून सांगते."

तिने माझ्या हातातल्या कळीकडे बघितलं आणि माझ्याकडे. मग म्हणाली, "विचार."

ग्लेन